दार्ष्टांतिकाची घाई

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका कुटुंबातला १९ वर्षांचा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्या आठवड्यात त्यांच्या घरी प्रार्थनासभा झाली. बाहेरगावाहून आलेल्या एका वक्त्यांनी सकाळी फिरायला गेले असताना पाहिलेला एक प्रसंग सांगितला. एक माळी बागेत हिंडत होता. त्याने सर्वांत टवटवीत फूल निवडले, खुडले आणि मालकासाठी नेले. त्याचप्रमाणे, वक्ते म्हणाले, देवालाही आपल्या बागेतले सर्वांत सुंदर फूल हवे होते. सभेतल्या अनेकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असणार. नंतर चहाचे कप गोळा करता करता त्या मुलाच्या आईने मला शांतपणे विचारले, "सर, खुडलेलं फूल किती दिवस टिकतं हो?"

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. उपमा कुठे जुळते आणि कुठे तुटते हे वर्गात सांगण्याबद्दल मला पगार मिळतो. त्या बाईंनी एका वाक्यात ती उपमा तपासून परत केली होती आणि मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. मात्र दैनंदिन अनुभवातून श्रद्धेचा बोध काढण्याची जी सवय आम्हा ख्रिस्ती लोकांना आणि साहित्य शिकवणाऱ्यांनाही जडली आहे, तिच्याविषयी काही बोलणे त्या प्रश्नामुळे मला भाग पडले.

या लेखनप्रकाराशी वाचकांचा परिचय असेलच. उपासनेच्या पत्रकात, धार्मिक मासिकाच्या शेवटच्या पानावर आणि आता रोज सकाळी मोबाइलवर तो भेटतो. त्याची रचना ठरलेली असते. आधी घरातला किंवा रस्त्यावरचा एखादा लहानसा प्रसंग, मग 'त्याचप्रमाणे' हा शब्द, मग शास्त्रातले एक वचन आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. मी स्वतः अशी चिंतने बरीच लिहिली आहेत. कुकरची शिट्टी आणि प्रार्थना, मोबाइलची रेंज आणि देवाशी संपर्क, रिक्षावाल्याने परत आणून दिलेली छत्री आणि हरवलेले मेंढरू. लिहायला अर्धा तास पुरत असे, आणि लोक भेटून 'छान होते' म्हणत. लिहिताना मी कुकरकडे, छत्रीकडे किंवा त्या रिक्षावाल्याकडे क्षणभरही पाहिले नव्हते, हे आज लक्षात येते. बोध आधीच ठरलेला होता. प्रसंग त्याला टांगण्यासाठी हवी असलेली खुंटी होता.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या रचनेचे कूळ शोधायला दूर जावे लागत नाही. महानुभाव वाङ्मयातील 'दृष्टांतपाठ' हा १३व्या शतकाच्या अखेरीचा ग्रंथ. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत त्यात केशिराजबासांनी संकलित केले. प्रत्येक दृष्टांताची मांडणी तीन अंगांची आहे : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. यांतले सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, तर दृष्टांताचा अर्थ सूत्राशी जोडून दाखवणारे दार्ष्टांतिक केशिराजांचे, असे मानले जाते. ही विभागणी मला फार अर्थपूर्ण वाटते. गोष्ट सांगतो तो गुरू, आणि 'त्याचप्रमाणे' म्हणतो तो शिष्य. शिष्याचे काम कमी मोलाचे नाही. त्याच्याविना परंपरा टिकत नाही. पण ते दुसरे काम आहे आणि ते नंतरचे आहे. केशिराजांनी ते प्रामाणिकपणे वेगळे ठेवले. आपण ते वेगळे ठेवत नाही, किंबहुना दार्ष्टांतिक हाती घेऊनच गोष्ट शोधायला निघतो.

आता येशूच्या दाखल्यांकडे पाहावे. रोजच्या जगण्यातून श्रद्धेचा धडा काढण्याच्या आमच्या सवयीचे समर्थन नेहमी त्यांच्याच आधारे केले जाते. येशूने पीठ, खमीर, बी, दिवा, हरवलेले नाणे यांबद्दल सांगितले. मग आम्ही कुकरबद्दल का सांगू नये? प्रश्न रास्त आहे. पण ते दाखले नीट वाचले तर ते आमच्या चिंतनांसारखे वागत नाहीत असे दिसते. स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे. एका स्त्रीने ते तीन मापे पिठात घातले आणि सारे पीठ फुगले. दाखला एवढाच, एका वाक्याचा. ही तीन मापे म्हणजे आजच्या हिशेबाने ३५ ते ४० लिटर पीठ. एका घरच्या भाकरींचे नव्हे, गावजेवणाचे. शिवाय तिने खमीर कालवले असे न म्हणता मूळ ग्रीक भाषेत ते 'लपवले' असे म्हटले आहे. आणि वल्हांडणाच्या सणात ज्यांच्या घरातून खमिराचा कण न् कण बाहेर काढला जातो, अशा लोकांना देवाचे राज्य खमिरासारखे आहे हे ऐकून काय वाटले असेल? येशू तिथेच थांबतो. उरलेले काम ऐकणाऱ्याचे.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखलाही असाच आहे. पहाटेपासून राबलेल्यांना आणि शेवटचा एक तास काम केलेल्यांना मालक सारखाच एक दिनार देतो. आपल्याकडे शहरातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभी असणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला या गोष्टीतले एक वाक्य विसरता येणार नाही. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, या प्रश्नावर उरलेले मजूर सांगतात की आम्हाला कोणी कामाला लावले नाही. पहाटे आलेल्यांची कुरकुरही खोटी नाही. गोष्ट दोघांचेही म्हणणे ऐकवते आणि मालकाच्या प्रश्नावर संपत येते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तर थोरला भाऊ दाराबाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे आपल्याला कळतच नाही. सी. एच. डॉड या ब्रिटिश अभ्यासकाने १९३५ साली दाखल्यांवरील आपल्या ग्रंथात हाच विशेष नोंदवला : दाखला ऐकणाऱ्याच्या मनात पुरेशी शंका ठेवून देतो, म्हणजे त्याला स्वतः विचार करावा लागतो.

पेरणाऱ्याच्या दाखल्याचे कलमवार स्पष्टीकरण शुभवर्तमानातच दिलेले आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो योग्य आहे. पण ते स्पष्टीकरण समुदायापुढे नव्हे, शिष्यांनी एकांतात विचारल्यावर येते. ते आद्य मंडळीच्या शिकवणुकीतून आले असावे, असे मत असणारे अभ्यासकही अनेक आहेत. म्हणजे येथेही दार्ष्टांतिक नंतरचेच.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. दुःखाच्या प्रसंगी दार्ष्टांतिक लावण्यास येशूने स्पष्ट विरोध केल्याची उदाहरणे शुभवर्तमानांत आहेत. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या १८ माणसांचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून येशू स्वतःच 'नाही' असे सांगतो. पुढे पश्चात्तापाचा इशारा आहे, पण तो ऐकणाऱ्या जिवंत माणसांना आहे. बुरुजाखालच्या मृतांवर कोणताही बोध लादलेला नाही. योहानच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? ते दोन्ही पर्याय येशू नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळतो. जुन्या करारातील ईयोबाचे मित्र तर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. तोवर त्यांचे काहीही चुकले नव्हते. नंतर ते बोलू लागले, ईयोबाच्या यातनांचा अर्थ त्यालाच समजावू लागले, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या अर्थ लावणाऱ्यांवर. माळ्याची गोष्ट सांगणारे वक्ते आणि मान डोलावणारे आम्ही कोणाच्या रांगेत बसलो होतो, हे सांगायला नको.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'पासून, म्हणजे १६१६पासून, चार शतकांहून अधिक इतिहास आहे. त्यातली दोन पुस्तके या संदर्भात शेजारी ठेवून वाचावीत. पहिले, बाबा पदमनजी यांचे १८५७चे 'यमुनापर्यटन'. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ते आपण शिकवतो. यमुना पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणी हिंदू विधवांच्या करुण कहाण्या तिला ऐकायला मिळतात. या कहाण्या आजही अस्वस्थ करतात, कारण त्या लेखकाच्या डोळ्यांपुढच्या समाजातून आल्या आहेत. पण प्रत्येक कहाणीमागोमाग उपदेश येतो आणि शेवटी यमुनेचे धर्मांतर हा सर्व कहाण्यांचा निष्कर्ष ठरतो. वाचकाच्या लक्षात राहतात त्या विधवा. उपदेश वगळून वाचण्याची युक्ती विद्यार्थ्यांना न शिकवताच साधते.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळातला वियोग, नातलगांची बोलणी, सोवळ्याओवळ्याचा पीळ आणि तो हळूहळू सैल होत जाणे, हे सारे त्यांनी लिहिले आहे. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी त्या एकट्याच झगडल्या, ती माणसाचीच करणी आहे या निष्कर्षाला आल्या, आणि मग परक्या हातचे पाणी त्यांना वर्ज्य राहिले नाही. श्रद्धेचा याहून मोठा धडा कोणता असू शकतो? पण लक्ष्मीबाई तो धडा म्हणून सांगत नाहीत. पाणी, चूल, पाहुणे, टिळकांचा विसराळूपणा आणि हात राखून खर्च न करण्याची त्यांची सवय, या सगळ्याच्या ओघात तो येतो, आणि पुढच्याच पानावर त्या आपली फजिती सांगून आपल्याला हसवतात. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही हे पुस्तक आपले मानले. वाचकाला पटवण्याची घाई लेखिकेला कुठेही झालेली नाही.

याचा अर्थ अनुभवात बोध नसतो, असे मला म्हणायचे नाही. तसे म्हटले तर माझी श्रद्धाच उरणार नाही. जो जगला त्याला तो बोध सापडतो. शेजाऱ्याने आणून द्यायची ती वस्तू नव्हे. त्या मुलाच्या आईला पुढेमागे आपल्या दुःखात काही अर्थ दिसला, तर तो सांगण्याचा अधिकार तिचा. तिच्याआधी तो सांगून टाकणे म्हणजे तिच्या दुःखावर आपले नाव घालणे होय.

आणि हा प्रश्न फक्त धर्मोपदेशकांचा नाही. 'तात्पर्य लिहा' हा प्रश्न आपण सर्वांनी शाळेत सोडवला आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी पुढे तो विद्यार्थ्यांना घातला आहे. कथा संपली की 'यातून काय शिकायला मिळते?' असे विचारणारा शिक्षक आणि माळ्याची गोष्ट सांगणारा वक्ता यांच्यात फार अंतर नाही. दोघांनाही गोष्टीपाशी थांबणे अवघड जाते. गेली काही वर्षे मी 'स्मृतिचित्रे' शिकवताना तो प्रश्न विचारणे सोडले आहे. एखादा उतारा वाचून झाला की वर्गात थोडा वेळ कोणीच बोलत नाही. पूर्वी ती शांतता मला माझे अपयश वाटत असे.

त्या मुलाच्या पहिल्या स्मरणदिनी मला चार शब्द बोलायला सांगितले होते. मी तयारी केली होती, पण वचन निवडले नव्हते. तो रविवारी उपासनेला उशिरा येई आणि मागच्या बाकावर बसून बुटांच्या नाड्या बांधत असे, ते सांगितले. माझ्याकडून नेलेले पुस्तक त्याने पावसात भिजवले आणि इस्त्री करून परत दिले, ते सांगितले. मग 'आमेन' म्हणून खाली बसलो. बाहेर पडताना एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सर, बोध राहिला." मी 'हो' म्हटले.

मुलाची आई दारात उभी होती. म्हणाली, "ती इस्त्री मीच करून दिली होती. पानं चिकटली होती ना, म्हणून मधे वर्तमानपत्र घातलं होतं." आणि मग ती बराच वेळ त्याच्याविषयी बोलत राहिली.