खुर्चीतला गेम

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. ऑफिस सुटल्यावर आम्ही तिघं-चौघं नेहमीच्या पूल पार्लरमध्ये. गेम नाइन-बॉल. म्हणजे नऊ नंबरचा बॉल शेवटी जो घालेल, रॅक त्याचा. आधी पाच रॅक घेईल तो जिंकला. मी ४-३ने पुढे आणि नऊ नंबर पॉकेटच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली तरी पडेल असा. मनात म्हटलं, चला, आजचे समोसे याच्या खिशातून!

आणि शॉट हुकला.

समोरच्या ज्युनिअरनं तो बॉल गुपचूप घातला. ४-४. शेवटचा रॅक मी खेळलो खरा, पण डोकं त्या हुकलेल्या बॉलपाशीच अडकलेलं. हरलो. वर क्यू आपटला तो वेगळाच. बिचारा पोरगा ‘सॉरी’ म्हणाला. जिंकलेल्यानं सॉरी म्हणायचं, याहून मोठी हार काय असते बॉस?

घरी जाताना शेन व्हॅन बोनिंग आठवला. अमेरिकेतल्या साऊथ डकोटाचा हा पठ्ठ्या. जन्मापासून ऐकू कमी येतं, कानाला मशीन लावतो. यूएस ओपन त्यानं २००७ मध्ये जिंकली, मग २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीनदा. म्हणजे हातात काही कमी नव्हतं. पण नाइन-बॉलचं वर्ल्ड टायटल? नाही म्हणजे नाही. २०१६ला दोह्यात फायनल गाठली, तर ऑस्ट्रियाच्या आल्बिन औशाननं १३-६ असं धुतलं. सहा वर्षांनी, २०२२ला, इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला पुन्हा फायनल. समोर पुन्हा औशान. स्कोअरही पुन्हा १३-६. फक्त या वेळी जिंकला शेन, वयाच्या ३८व्या वर्षी!

सहा वर्षांत हात काही नवा फुटत नाही. मला विचाराल तर वाढतं ते डोकं.

कारण पूल हा विचित्र खेळ आहे. टेनिसमध्ये समोरच्याचा शॉट निदान परतवता तरी येतो. इथे तो खेळत असेपर्यंत तुम्ही खुर्चीत. हात बांधून नुसतं बघायचं. तिथे बसून चूक उगाळलीत, की टर्न येईपर्यंत हात जड झालेला असतो.

मग करायचं काय? चांगले खेळाडू सगळा विचार उभ्यानं करतात. कुठला बॉल, किती जोर, पांढरा कुठे थांबवायचा. एकदा वाकलं की विचार बंद, फक्त शॉट. वाकल्यावर शंका आली तर? सरळ उभं राहायचं, पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला सोप्पं, पण चारचौघांत असं उठायला इगो आडवा येतो. आणि सोप्या बॉललाही तेवढाच वेळ द्यायचा. माझा हुकला तो सोपा होता म्हणूनच. क्यू हातात होता, पण मी समोसे खात होतो!

काल पुन्हा गेलो. आधी त्या पोराला सॉरी म्हटलं. मग पुन्हा हरलो, ५-३. एक सोपा बॉल पुन्हा हुकला. पण खुर्चीत बसून या वेळी त्याचा गेम बघितला. एक शॉट तर असा भारी होता, की टेबलावर टकटक करून दाद दिली.

समोसे मीच दिले. आणि क्यू स्टँडला लावला. हळूच.