डेव्ह ड्यूरसन : पुरावा मागणारा आणि पुरावा ठरलेला

चेंडू घेऊन धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर झेपावून त्याला खाली पाडणे, हे अमेरिकन फुटबॉलमधील बचावपटूचे प्रमुख काम असते. वर्षानुवर्षे सोसलेल्या अशा आघातांचा मेंदूवर परिणाम होतो का आणि होत असल्यास त्याची भरपाई कोणत्या पुराव्यावर द्यावी, हा या खेळापुढील गंभीर प्रश्न आहे. डेव्ह ड्यूरसन यांच्या जीवनात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसून येतात.

इंडियाना राज्यातील मन्सी येथे १९६० मध्ये जन्मलेल्या ड्यूरसन यांना १९८३ मध्ये शिकागो बेअर्सने संघात घेतले. बचावफळीत सर्वांत मागे राहणाऱ्या 'सेफ्टी' या स्थानावर ते खेळत. १९८५ ते १९८८ या सलग चार हंगामांत 'प्रो बोल' या मानाच्या सामन्यासाठी त्यांची निवड झाली. जानेवारी १९८६ मध्ये बेअर्स आणि जानेवारी १९९१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या संघांकडून त्यांनी सुपर बोल विजेतेपद मिळवले. १९९३ च्या हंगामानंतर त्यांची कारकीर्द संपली.

निवृत्त खेळाडूंच्या अपंगत्वविषयक दाव्यांवर निर्णय देणाऱ्या सहा सदस्यीय मंडळावर २००६ पासून ते खेळाडू संघटनेचे प्रतिनिधी होते. २००७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना, आपले वडील कधीही व्यावसायिक खेळ खेळले नसतानाही त्यांना अल्झायमर झाल्याचे त्यांनी सांगितले होते. मेंदूविकारांचा संबंध खेळाशी जोडण्याबाबत ते त्या वेळी साशंक होते.

१७ फेब्रुवारी २०११ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. बोस्टन विद्यापीठातील तपासणीत त्यांना 'सीटीई' हा मेंदूचा ऱ्हास घडवणारा विकार असल्याचे त्याच वर्षी मे महिन्यात जाहीर झाले.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. मात्र लक्षणे दिसलेल्या खेळाडूंची कुटुंबेच बहुधा मेंदू दान करत असल्याने सर्व खेळाडूंमधील प्रमाण यावरून ठरवता येत नाही. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१६ मध्ये संसदीय समितीपुढे मान्य केला. डोके खाली घालून हेल्मेटने धडक देण्यावर २०१८ मध्ये निर्बंध आणण्यात आले.

सीटीईचे निश्चित निदान अद्याप मृत्यूनंतरच होते. २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आहे. स्मृतिभ्रंश, अल्झायमर, पार्किन्सन्स यांसारख्या विकारांसाठी त्यात तरतूद आहे. केवळ सीटीईच्या आधारे मिळणारी भरपाई मात्र २२ एप्रिल २०१५ पूर्वी मृत्यू झालेल्या खेळाडूंच्या कुटुंबांपुरतीच मर्यादित आहे.

नियम बदलले असले, तरी पुराव्याचा भार बऱ्याच अंशी खेळाडूवरच आहे. जिवंतपणी निदान करणारी खात्रीशीर चाचणी उपलब्ध होईपर्यंत, संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, या प्रश्नाचे उत्तर लीगला द्यावेच लागेल.