दम वाढणार, हे आधी कळते का?

परभणीत हिवाळ्यात पारा एक आकडी झाला की वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या नोंदीची बातमी होते. विद्यापीठातील ग्रामीण कृषी मौसम सेवेचे पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. येत्या पाच दिवसांच्या थंडीत हरभऱ्याचे, गव्हाचे, जनावरांचे काय करायचे ते त्यात असते. त्याच पहाटे पळाट्या-तुराट्या पेटवून पाणी तापवणाऱ्या घरात आजीची छाती भरून येते. तिच्यासाठी त्या पत्रकात ओळ नसते.

गावात सरसकट ‘दमा’ म्हटला जाणारा आजार अनेकदा सीओपीडी असतो. यात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातले वायुकोश झिजतात आणि ती झीज भरून येत नाही. २०१६ साली भारतात याचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. विडी हे एक कारण. पण बायकांनी कधी विडी ओढलेली नसते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याच गटाकडे लक्ष वेधले होते. चुलीचा धूर हे त्यातले मोठे कारण.

या आजारात माणूस खचतो तो अधूनमधून येणाऱ्या उसळीने. दोन-चार दिवसांत धाप वाढते, बेडका वाढतो, त्याचा रंग पिवळा-हिरवा होतो. एक उसळी ओसरली तरी फुफ्फुस बऱ्याचदा पहिल्या जागी येत नाही. म्हणून ती आधी ओळखता यावी, अशी जगभर धडपड सुरू आहे. मनगटी घड्याळे, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, खोकल्याचा आवाज ऐकणारे मोबाइल आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता.

त्यातून हाती काय आले? स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांच्या चाचणीत निम्म्या रुग्णांची लक्षणे आणि ऑक्सिजन रोज घरून कळवायची सोय केली गेली. २०१३ मध्ये निकाल आला, तेव्हा त्यामुळे रुग्णालयात भरती होणे लांबल्याचे दिसले नाही. कारण समजण्यासारखे आहे. या रुग्णांचा एक दिवस बरा, एक वाईट असतोच, त्यामुळे खोट्या घंटा फार वाजतात. ब्रिटनच्या हवामान खात्याने थंडीच्या अंदाजावरून रुग्णांना फोन करण्याची सेवा चालवली. तिचे निष्कर्ष संमिश्र आले.

सगळ्यात भरवशाची खूण मात्र साधी निघाली. दोन हजारांहून अधिक रुग्णांवर तीन वर्षे नजर ठेवणाऱ्या ‘इक्लिप्स’ अभ्यासात (२०१०) असे दिसले की ज्याला मागच्या वर्षी उसळ्या आल्या, त्याला पुढेही येतात. आणि हे रुग्णाच्या स्वतःच्या आठवणीवरूनही बऱ्यापैकी सांगता येते. यंत्र नको, ‘मागच्या वर्षी दमासाठी किती वेळा सलाईन लागले, भरती व्हावे लागले?’ एवढे विचारले तरी चालते.

आपल्याकडे हा प्रश्न विचारतो कोण? आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो सीबॅक अर्ज भरतात, त्यात चुलीत काय जाळता, धाप लागते का, हे आहे. मागच्या उसळ्यांचा हिशेब नाही. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड घरात कुठल्या तरी पिशवीत असते आणि जिंतूरचा रुग्ण परभणीला गेला की तिथे सगळे पहिल्यापासून. माझ्या मते घड्याळांवर खर्च करण्याआधी त्या अर्जात एक रकाना वाढवावा. वर्षात दोनदा उसळी आली असेल किंवा एकदा भरती व्हावे लागले असेल, त्यांची यादी दिवाळीआधी तयार असली, तर थंडीचा इशारा निघताच आशाताईला कोणाच्या दारात आधी जायचे ते कळेल.

जाऊन तिने काय करायचे, हेही ठरलेले हवे. पंप चालू आहे का ते पाहायचे. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून बरे वाटताच तो बंद करणारे खूप आहेत, आणि नियमित पंप तर उसळ्या कमी करण्यासाठीच असतो. फ्लूची लस डॉक्टरांना विचारायची. शेकोटी आणि चुलीपासून रुग्णाचे अंथरूण दूर न्यायचे. बेडक्याचा रंग बदलला, धाप वाढली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर १०८ला फोन लावायचा, सकाळ होण्याची वाट पाहायची नाही.