अवचित पाहुणे आणि स्पेनमधील ‘तापास’

अतिथी तिथी पाहून येत नाही. तो दारी येताच गृहिणी चुलीकडे धावते आणि बोलणे राहूनच जाते. स्पेनमधील ‘तापास’ची रीत येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘तापा’ म्हणजे झाकण. पुढे तो शब्द लहानशा बशीतील खाण्यास रूढ झाला. खाऱ्या पाण्यात मुरविलेली ऑलिव्हची फळे, खारे बदाम, ला मांचा भागातील मेंढीच्या दुधाच्या मांचेगो चीजचे पातळ त्रिकोणी काप, हे नुसते मांडावयाचे. कॅटलोनियात पावाच्या कापावर अर्धा चिरलेला पिकला टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल व चिमूटभर मीठ घालतात. पाव भाजला नाही तरी चालतो. बशा मधोमध ठेवून सारी मंडळी त्यांतूनच खातात. पाहुण्यांच्या सहवासाचा लाभ गृहिणीलाही मिळावा, यातच या रीतीचे मर्म आहे.