बासरीचं मोल



उन्हाळा आला की अमेरिकेतल्या बोस्टनचा सिंफनी वाद्यवृंद शहर सोडून बर्कशायरच्या टेकड्यांत, टँगलवूडला मुक्काम हलवतो. १९३७ साली तिथे सुरू झालेला हा संगीतमहोत्सव आजही भरतो. लोक सतरंज्या आणि जेवणाचे डबे घेऊन हिरवळीवर बसतात आणि ऐकतात. १९४० पासून तिथे तरुण वादकांसाठी शिक्षणाची सोयही आहे. संध्याकाळी रंगमंचावर वाजवणारे वादक दिवसा या मुलामुलींना शिकवतात.

या वाद्यवृंदातल्या दोन बासरीवादक बायकांची गोष्ट आम्हाला सांगायची आहे. त्यांची बासरी आपल्यासारखी वेळूची नव्हे, धातूची. पण तशीच आडवी धरून वाजवायची.

१९५२ साली डोरिओ अँथनी ड्वायर तिथे मुख्य बासरीवादक झाल्या. मोठ्या वाद्यवृंदात बाईला प्रमुखाची खुर्ची मिळणं तेव्हा फारच दुर्मिळ होतं. मताच्या हक्कासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनी यांच्या त्या नात्यातल्या. ही खुर्ची त्यांनी १९९० पर्यंत, ३८ वर्षं सांभाळली.

२००४ साली त्याच खुर्चीवर एलिझाबेथ रो आल्या. तोवर वादक निवडताना मध्ये पडदा लावण्याची पद्धत रुळली होती. वाजवणारी व्यक्ती परीक्षकांना दिसत नाही, फक्त ऐकू येते. पडद्यामागे नुसते सूर उरले, की बाई आपल्या गुणांवर निवडून येते.

पण पगार ठरवताना पडदा नसतो. मुख्य वादकांचा पगार ज्याच्या त्याच्याशी वेगळा ठरतो. रो यांच्या शेजारी मुख्य ओबोवादक बसत. ओबो म्हणजे सनईच्या कुळातलं वाद्य. ते गृहस्थ जे मिळवत, त्याच्या सुमारे तीन चतुर्थांश रो यांना मिळत होतं. १ जुलै २०१८ ला मॅसॅच्युसेट्स राज्याचा नवा समान वेतन कायदा लागू झाला आणि दुसऱ्याच दिवशी रो यांनी दावा दाखल केला. टँगलवूडचा मोसम अगदी तोंडावर आला होता.

व्यवस्थापनाचं म्हणणं असं, की ओबो वाजवायला जास्त अवघड, चांगले ओबोवादक कमी आणि बासरीवादक पुष्कळ. दोन्ही कामांची तुलनाच होऊ शकत नाही. खुद्द त्या ओबोवादकानं मात्र रो आपल्या तोडीच्या आहेत, अशी ग्वाही दिली. २०१९ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त राहिल्या.

व्यवस्थापनाचा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा वाटतो ना? पुरुषाची फवारणी अवघड आणि बाईची दिवसभर वाकून केलेली निंदणी हलकी, म्हणून तिची मजुरी कमी. १९७६ च्या आपल्या समान वेतन कायद्यानं 'सारख्या स्वरूपाचं काम' असे शब्द घालून ही पळवाट बुजवायचा प्रयत्न केला. त्याच्याच आधारे मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकोस्टा १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. पण शेजारच्याला किती मिळतं हेच माहीत नसेल, तर कायदा वापरणार कसा? गुप्ततेचा फायदा नेहमी देणाऱ्यालाच होतो.

कलावंत बाईची तर आणखी पंचाईत. पैशाचं नाव काढलं, की ती कलेपेक्षा पैशाला मोठं मानते म्हणून बोल लावायला सगळे तयार. आणि इथे आपणही आरशात पाहायला हवं. आपल्या मेळाव्यात मांडववाल्याचं, माइकवाल्याचं बिल आपण घासाघीस न करता देतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मैत्रिणीला मात्र 'आपलीच आहे' म्हणून शाल-श्रीफळावर बोळवतो. तिनंही वर्षानुवर्षं रियाज केलेला असतो, एसटीचं भाडं स्वतःच्या पदरचं घातलेलं असतो.

ड्वायर यांच्यामुळे ती खुर्ची बाईची होऊ शकते हे सिद्ध झालं. रो यांनी त्या खुर्चीचा हिशेब मागितला. शिकायला येणाऱ्या मुलींना फुंकर कशी घालायची हे शिकवायचं, तसं आपल्या कामाचं मोल मोठ्यानं कसं सांगायचं हेही शिकवायला हवं. सुरुवात आपण आपल्यापासून करू या. पुढच्या मेळाव्याच्या अंदाजपत्रकात कलावंत बायकांच्या मानधनाची ओळ सर्वांत आधी लिहू या. आणि तुम्हाला, तुमच्या शेजारच्याला किती मिळतं, ते एकमेकींना सांगा, आम्हालाही कळवा.