फ्लोचार्ट जर्नलपुरता नको

कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री आपल्या वसतिगृहात काय चालते, ते सर्वांना ठाऊक आहे. प्रोग्राम आधीच लिहून झालेला असतो. फ्लोचार्ट मागाहून, शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवला जातो. मीही तेच करत आलो. त्यात काय बिघडते, हे मला गेल्या सुट्टीत चंदीगडला कळले.

माझे मामा तिथे क्लाउड सर्व्हर सांभाळण्याचे काम करतात. एका संध्याकाळी आम्ही सेक्टर १७ मध्ये गेलो. गाडी बाहेर लावायची आणि आत पायीच फिरायचे, असा हा बाजार. ल कॉर्बुझिए यांनी या शहराचे रस्ते व्ही-१ ते व्ही-७ अशा वर्गांत आखले. वेगवान वाहनांची वाट कोणती आणि पादचाऱ्यांची कोणती, हे आधी कागदावर ठरले. "आमच्याकडे नेमकं हेच राहून गेलं," असे म्हणून मामांनी बिलाच्या पाठीवर आकृती काढली.

त्यांच्याकडची स्वयंचलित व्यवस्था प्रत्येक सर्व्हरला सतत विचारायची, "ठीक आहेस का?" उत्तर आले नाही, की तो बंद करून नवा सुरू करायची. शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट, "हो" आणि "नाही" असे दोन बाण. एका रात्री डेटाबेस मंदावला. सर्व्हर धडधाकट होते, पण डेटाबेसची वाट पाहत अडकल्यामुळे एकाचेही उत्तर वेळेत येईना. व्यवस्थेने हुकूम पाळला आणि एकेक करून सगळे बंद केले. नवे उठले, तेही अडकले, तेही बंद!

"अरे, कोडमध्ये चूक नव्हतीच. दुसरा शंकरपाळा नव्हता. एकाच वेळी निम्म्याहून जास्त गप्प आहेत का? मग कशाला हात लावू नकोस, माणसाला उठव."

कागदावर हे लगेच दिसते. दोन्ही बाण फिरून त्याच प्रश्नाकडे येतात, बाहेर पडायला वाटच नाही.

मोठ्यांचेही असे होते. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील क्लाउड सेवा कोलमडल्या. डेटाबेसचे पत्ते आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचा एक भाग रेंगाळला आणि त्याने जुनी योजना नव्या योजनेवर चढवली. दुसऱ्या भागाने ती जुनी म्हणून पुसून टाकली. पत्ताच रिकामा झाला, आणि शेवटी माणसांना हाताने दुरुस्ती करावी लागली.

कोणी म्हणेल, एवढी मोठी व्यवस्था एका पानावर मावत नाही, आणि कोड बदलला की आकृती शिळी होते. खरे आहे. म्हणून सगळी व्यवस्था काढू नये. जिथे यंत्र माणसाला न विचारता काही बंद करते किंवा पुसते, तेवढाच भाग काढावा आणि कोड बदलताना तोही बदलावा. आपण सँड मॉडेल एक्सरसाइजच्या आधी मांडतो. ती संपल्यावर वाळूत टेकड्या रचणाऱ्या कॅडेटला उस्ताद काय म्हणतील?

माझी सरांना विनंती आहे, की पुढच्या प्रॅक्टिकलला फ्लोचार्ट आधी जमा करून घ्यावा आणि त्यावर सही झाल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करू देऊ नये. वर्गातल्या मित्रांच्या शिव्या मी खाईन.