मापाने बेतलेली लेखणी

१८ नोव्हेंबर १९३२. 'द चॅम्प'च्या कथेसाठी हॉलिवुडच्या पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन यांना ऑस्कर मिळाले, तो त्यांचा चव्वेचाळिसावा वाढदिवस होता. त्यांचे हे दुसरे ऑस्कर. पहिले १९३० मध्ये 'द बिग हाउस'साठी मिळाले आणि लेखनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. जयंतीला कुणाला आठवण झालीच, तर याच 'पहिल्या स्त्री'वर त्यांची बोळवण होईल. हा मान मोठाच, पण त्यात त्यांची कारागिरी दिसत नाही.

ती दिसते त्यांच्या मूकपटांपासूनच. पण मूकपटात लेखकाने लिहायचे तरी काय? मॅरियन माणसे लिहीत, आणि तीही शिंप्याने अंगाचे माप घेऊन कापड बेतावे तशी, समोरचा नट पाहून. 'द पुअर लिटल रिच गर्ल' (१९१७) मध्ये त्यांनी पंचविशीच्या मेरी पिकफर्डला अकरा वर्षांची पोर केले आणि चिखलात मनसोक्त खेळवले. दिग्दर्शक मोरिस टूर्नर यांना असला धुडगूस रुचणारा नव्हता. प्रेक्षकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी 'स्टेला मॅरिस'मध्ये त्याच पिकफर्डला श्रीमंत घरची अपंग मुलगी आणि कुरूप, अनाथ मोलकरीण अशा दोन्ही भूमिका मिळाल्या. लाडक्या नटीला कुरूप करण्याचे धाडस किती लेखक करतील?

अभिनेत्री मेरी ड्रेसलर साठीला टेकल्या होत्या, कामे आटली होती. मॅरियन यांची त्यांच्याशी जुनी ओळख. त्यांनी या मैत्रिणीसाठी भूमिका लिहायला घेतल्या. 'मिन अँड बिल'ने ड्रेसलर यांना ऑस्कर मिळवून दिले. याला कुणी वशिला म्हणेल. असेना का!

'द बिग हाउस'साठी त्या सान क्वेंटिनचा तुरुंग पाहून आल्या. दारू पिऊन गाडी चालवताना एकाचा जीव घेतलेला कोवळा पोरगा सराईत गुन्हेगारांच्या कोठडीत येतो. भोजनगृहातल्या दंग्यात एक सुरा लपतछपत हातोहात फिरतो. शेवटी तो पोरगा हा सुरा कोठडीतल्या सोबत्याच्या बिछान्यात दडवतो आणि सुटकेच्या उंबरठ्यावर आलेल्या त्या कैद्याची सुटका हुकते. खच्चून भरलेले तुरुंग माणसाला सुधारतात की बिघडवतात, हे मॅरियन यांनी एवढ्यात मांडले.

१९३३ मध्ये स्टुडिओंनी पगार कापले, तेव्हा लेखक 'स्क्रीन रायटर्स गिल्ड'मध्ये एकवटले. मॅरियन उपाध्यक्ष झाल्या. त्या वेळी त्यांचे स्वतःचे मानधन हॉलिवुडात सर्वांत वरच्या रांगेतले होते, म्हणून ही निवड अधिक बोलकी. स्टुडिओंचे मात्र कारखाने होत गेले. एकाच पटकथेवर चारचौघांचे हात फिरू लागले. कुणासाठी लिहायचे हे वरून ठरू लागले, तिथे मॅरियन यांची लेखणी रमणार कशी? १९४६ च्या सुमारास त्यांनी हॉलिवुड सोडले आणि शिल्पे घडवायला घेतली.